खाकी वर्दी आणि आपली अहिंसा



परवा स्वाध्याय आटोपल्यावर विषय निघाला. नात्यातली एक मुलगी पोलीस उपनिरीक्षकाच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे. दोघीतिघी लगेच म्हणाल्या, "बँकेची परीक्षा दे म्हणावं. काठी कशाला हातात? आपला धर्म अहिंसेचा."

मला हे पटलं नाही. आपण बुधवार पेठेत राहतो, फरासखाना पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर. गर्दीत कुणाची साखळी खेचली की आपण तिथेच धावतो. म्हणजे काठी हवी, फक्त ती दुसऱ्याच्या मुलीच्या हातात!

मीरा बोरवणकर आठवतात ना? 1981 च्या तुकडीच्या आयपीएस. जळगावच्या वासनाकांडाच्या तपासात त्या होत्या. तिथे बायकांना तोंड उघडणंही कठीण होतं. पुढे मुंबई गुन्हे शाखेच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या आणि 2010 मध्ये आपल्या पुण्याच्या पहिल्या महिला पोलीस आयुक्त. श्रावकाला संकल्पी हिंसा वर्ज्य आहे, पण रक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, हे आपण पाठशाळेतच शिकलो. त्यांचं बरंचसं काम मला त्यात बसतं.

एक गोष्ट मात्र बसत नाही. 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात कसाबला फाशी दिली, तेव्हा राज्याच्या कारागृहांच्या प्रमुख त्याच होत्या. शिक्षा न्यायालयाची, अंमलबजावणी त्यांच्या खात्याची. कोठडीतल्या माणसाला मारणं ही विरोधी हिंसा कशी म्हणायची? त्या दिवशी आमच्या घरात सगळे "बरं झालं" म्हणाले, मीसुद्धा. संध्याकाळी प्रतिक्रमणात सर्व जीवांची क्षमा मागताना जीभ अडखळली. करणं, करवणं आणि अनुमोदन, तिन्हींनी कर्म बांधलं जातं. त्यांनी कर्तव्य केलं. मी घरबसल्या, काही गरज नसताना, अनुमोदन दिलं. मग मुलीला वर्दीपासून लांब ठेवून माझी अहिंसा शाबूत राहते, हे कुठल्या हिशोबात? बी.कॉम. झालेय, पण हा ताळेबंद मला जुळत नाही.

मुलीच्या आईची अडचण वेगळीच आहे, आणि ती खरी आहे. रात्रीच्या बंदोबस्तात चौविहार कसा सांभाळायचा? त्यात पर्युषण आणि गणेशोत्सव मागेपुढेच येतात, तेव्हा पोलिसांना कसली रजा! सूर्यास्ताआधी डबा पोचवायची जबाबदारी मी घेतली आहे. आधी तिची परीक्षा तर होऊ दे.