आता झाडीपट्टीच्या रंगमंचाने बोलावे



१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत नक्षलवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. त्यानंतर रस्ते, बसगाड्या, मोबाइल टॉवर आणि पोलाद कारखाना यांवर भरपूर लिहून आले. पण ही माणसे परतल्यावर शेजाऱ्यांनी एकमेकांच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा, हा प्रश्न बाजूलाच राहिला. तो नाटकाने आणि सिनेमाने हाती घ्यायला हवा.

युरोपात हे घडले आहे, पण फार उशिरा. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातून सुमारे ३० लाख जर्मनांना हाकलले गेले. त्यांत नाझींचे साथीदार होते, तशी निरपराध बायकामुलेही होती. सूडात झालेल्या हत्यांना १९४६च्या कायद्याने अभय दिले आणि पुढची चार दशके या विषयावर उघडपणे बोलणे अवघड झाले. १९९७ साली चेक प्रजासत्ताक आणि जर्मनी या दोन्ही देशांनी संयुक्त जाहीरनाम्यात परस्परांबद्दल खेद व्यक्त केला. २०१० साली दिग्दर्शक युराय हेर्त्स यांचा ‘हाबरमान’ हा चित्रपट आला. सुडेटनलँड या तिथल्या जर्मनबहुल भागातला एक जर्मन गिरणीमालक, त्याची चेक बायको, नाझी अधिकारी आणि युद्ध संपताच त्याच्यावर उलटलेले गावकरी, अशी ती गोष्ट. चित्रपटावर टीकाही झाली. परंतु हेर्त्स स्वतः ज्यू होते आणि लहानपणी नाझी छळछावणीतून वाचले होते. त्यामुळे नाझींना पाठीशी घालण्याचा आरोप त्यांच्यावर कसा टिकणार? ब्रनो या चेक शहराने १९४५ साली हाकललेल्या जर्मनांबद्दल अधिकृत खेद व्यक्त केला तो २०१५ साली, म्हणजे ७० वर्षांनी. तोवर साक्षीदारांची एक पिढी निघून गेली होती.

गडचिरोलीची स्थिती याहूनही गुंतागुंतीची आहे, कारण इथे दोन देश नव्हते. पोलिसांच्या सी-६० या नक्षलविरोधी पथकातले जवान इथल्याच गोंड-माडिया घरांतले आणि नक्षल्यांच्या दलममध्ये गेलेली पोरेही त्याच घरांतली. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांचा वाहनचालक गेला. नक्षल्यांनी ‘खबरी’ ठरवून कित्येक गावकऱ्यांना रात्री घरातून ओढून नेऊन मारले. दुसरीकडे, बंदुकीच्या धाकाने दलमला भात रांधून घालणाऱ्याकडे पोलीस संशयाने पाहत. आज त्या मृतांची मुले आणि आत्मसमर्पण केलेली माणसे एकाच आठवडी बाजारात येतात.

असे विषय काढल्याने जखमा पुन्हा उघडतील, नक्षल्यांचे उदात्तीकरण होईल, अशी भीती काही जण व्यक्त करतात. ती अनाठायी नाही. मात्र खून करणाऱ्याचे मन दाखवणे आणि खुनाला माफी देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहीद जवानाची आई, ‘खबरी’ म्हणून मारलेल्याची बायको आणि बंदूक टाकून परतलेली मुलगी, या तिघींना एकाच मंचावर समान वेळ मिळाला, तर उदात्तीकरणाला जागाच उरणार नाही. मौन पाळले तर मात्र कुजबूज आणि जुने वैर तेवढे पुढच्या पिढीकडे जाईल.

त्यासाठी मुंबईच्या निर्मात्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, वडशाच्या नाटक कंपन्या दिवाळीनंतर गावोगाव मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने रात्ररात्र प्रयोग करतात. चंद्रपूर-गडचिरोलीतला प्रेक्षक तिकीट काढून, घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसतो. त्याला गाणी आणि विनोद हवे असतात, हे खरे. पण हुंडा आणि दारूवरची नाटकेही त्यानेच डोक्यावर घेतली आहेत. जांभुळखेडा ज्या कुरखेडा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातले झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. नक्षलवादाकडे वळलेल्या तरुणांच्या पुनर्वसनातही त्यांनी काम केले आहे. म्हणजे हा मंच आणि हा प्रश्न एकमेकांना अनोळखी नाहीत.

झाडीपट्टीच्या लेखकांनी आणि निर्मात्यांनी येत्या हंगामात असे एक तरी नाटक उभे करावे. संवाद झाडीबोलीत असावेत, माडियातही असावेत. शासनाच्या सांस्कृतिक खात्याने त्याला अनुदान द्यावे, संहितेत हात घालू नये. आणि पहिला प्रयोग गडचिरोलीच्या सभागृहात न करता एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यातल्या गावात करावा.

— एक वाचक, देसाईगंज (वडसा)