उपचार मोफत, रांग महाग

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले. केसपेपरचे पैसे वाचले. रोजंदारीवरील मजुराचा खाडा मात्र चुकला नाही. नोंदणी, तपासणी, औषधे अशा एकामागून एक रांगांत त्याची दिवसाची मजुरी बुडते. म्हणूनच तो संध्याकाळी गल्लीतल्या डॉक्टरला पैसे मोजतो, नाहीतर दुखणे अंगावर काढतो. शुल्क हटले की वेळ हीच किंमत ठरते, हे अर्थतज्ज्ञ अ‍ॅक्टन यांनी १९७५ मध्येच न्यूयॉर्कमधील पाहणीच्या आधारे दाखविले होते. मुंबई महापालिकेने २०२२ मध्ये ‘आपला दवाखाना’ सुरू करताना त्याची वेळ रात्री दहापर्यंत ठेवली, त्यामागील हिशेब हाच. तेथून मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञाकडे पाठविलेल्या रुग्णाला मात्र बहुधा पुन्हा सकाळचीच रांग गाठावी लागते.