चाकांवरचे घर

गेल्या महिन्यात हे सदर आम्हांस चुकवावे लागले, ह्याबद्दल वाचकांची क्षमा मागून कारण सांगतो. वैशाखात वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर गेला असताना आम्ही सहकुटुंब कोकणात होतो, आणि तेही कोणा आप्ताच्या घरी किंवा धर्मशाळेत नव्हे, तर एका मोटारीत. मोटारीने गेलो एवढेच नव्हे, मोटारीत राहिलो.

ह्या वाहनास कॅरव्हॅन म्हणतात. शब्द मूळचा फारसी. आपल्याकडे त्या अर्थाचा 'सार्थ' हा संस्कृत शब्द होता व तांड्याचा नायक तो सार्थवाह. पुढे मराठीत 'अर्थासहित' एवढाच अर्थ राहिला आणि तांडा वाटेत सुटला. असो. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा वाहनांसाठी पर्यटन धोरण आखले, तेव्हा ती बातमी वाचून आम्ही हसलो होतो. घर सोडून जावयाचे ते घरच बरोबर घेऊन, ही कल्पनाच आम्हांस विपरीत वाटली होती.

ती पटली मातोश्रींमुळे. त्यांचे वय आज ८६. जन्म हिंगणघाटचा, सासर आर्वीचे. समुद्र कधी पाहिलेला नाही. आमचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या अमलात गुहागराकडून इकडे आले, त्यामुळे कुलदैवत व्याडेश्वर. पण त्याचे दर्शन घरातील एकाही सुनेस घडले नव्हते. गुडघे अधू, आणि ह्या वयात प्रवासाची खरी अडचण कोणती हे वृद्ध माणसे घरात असलेल्या वाचकांस निराळे सांगणे नको. शौचकूप चार पावलांवर असेल तरच त्या निघणार. पुण्याच्या पुतण्याने ही मोटार भाड्याने ठरविली ती ह्याच कारणाने. आत पाच जणांस निजावयाची सोय, कोपऱ्यात शौचकूप, पाण्याची टाकी, लहानसे शीतकपाट आणि दोन शेगड्यांचे स्वयंपाकघर.

हे स्वयंपाकघर पाहून आम्हांस जो आनंद झाला तोच पुढे आमच्या अंगाशी आला.

वर्ध्याहून आगगाडीने पुण्यास, तेथून घाट उतरून पेण. गागोदे हे विनोबांचे जन्मगाव ह्याच तालुक्यात. ते १९२१ साली वर्ध्यास आले व पुढे पवनारला धाम नदीच्या काठी राहिले. आम्ही त्यांच्या उलट दिशेने निघालो होतो, तेही वातानुकूलित वाहनातून. पुढे अलिबाग, मुरुड, आगरदांड्याहून होडीने दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बाणकोटची खाडी पुन्हा होडीनेच ओलांडून केळशी, आंजर्ले. होडी म्हणजे वल्ह्यांची नव्हे. तिच्या सपाट पाठीवर मोटारी, मालट्रक, दुचाक्या व माणसे एकदमच चढतात. तिकडे तिला जंगलजेटी म्हणतात. नातवंडांस समुद्रापेक्षा हिचेच कौतुक अधिक.

सागरकिनाऱ्याचा हा रस्ता रम्य खरा, पण आमच्या वाहनाच्या मापाचा नव्हे. गावातून जाताना दोन्ही बाजूंस चिऱ्यांचे गडगे, वर फणसाच्या फांद्या, समोरून एस. टी. आली की एकाने मागे सरलेच पाहिजे. आमचा चालक कोकणातलाच, म्हणून निभावले. शौचकूपाची टाकी कोठे रिकामी करावी हा दुसरा प्रश्न. तीस योग्य जागा मिळेपर्यंत दोन दिवस गेले व त्या दोन दिवसांत कुटुंबाच्या संभाषणास दुसरा विषय नव्हता. जाणाऱ्यांनी मुक्कामाची जागा ठरविताना पाणी, विजेची तार आणि ही सोय, तिन्ही आधी विचारून घ्यावीत, देखावा नंतर.

आता मुख्य गोष्ट. पहिल्याच दिवशी सूनबाईंनी सुचविले होते की, मामंजी, एक वेळ तरी बाहेर जेवू. आम्ही म्हटले, चूल बरोबर असताना बाहेरचे खावे कशाला? खर्चही वाचेल, मातोश्रींचे सोवळेही सांभाळेल. झाले. चालक धरून दहा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक त्या दोन शेगड्यांवर सुरू झाला. आमच्या सौभाग्यवती व धाकट्या बंधूंचे कुटुंब, दोघीही साठीच्या आसपास, आळीपाळीने त्या पेटीत उभ्या. पोळ्या करावयाच्या तर पंखा बंद; वाऱ्याने ज्योत विझते. थंड हवेचे यंत्र विजेची तार जोडल्यावाचून चालेना, आणि चालले तरी फोडणीच्या धुरासाठी खिडकी उघडावीच लागे.

आमचा युक्तिवाद असा की, वर्ध्याच्या ४५ अंशांत जी राबते तिला कोकणातले ३४ अंश काय करणार! आयुष्यभर मुलांस शास्त्र शिकवूनही आम्ही हे बोललो, ह्याची लाज वाटते. विदर्भातील हवा कोरडी. घाम येताच वाळतो व वाळताना अंगाची उष्णता घेऊन जातो. वाळ्याचा पडदा व कूलर आमच्याकडे काम देतात ते ह्याच नियमाने. कोकणात हवेतच पाणी भरलेले. घाम वाळत नाही, नुसता वाहतो. आकडा लहान म्हणून उकाडा लहान नव्हे.

पाचव्या दिवशी दापोली तालुक्यातील मुरुडास सुरूच्या झाडांखाली मुक्काम होता. हे महर्षी कर्व्यांचे गाव; येथूनच १८७५ साली ते परीक्षेसाठी साताऱ्यास शंभराहून अधिक मैल पायी गेले आणि वय लहान दिसते म्हणून परत पाठविले गेले. ही कथा आम्ही नातवंडांस रंगवून सांगत होतो. पुढे त्याच कर्व्यांनी स्त्रियांसाठी काय काय केले त्या प्रकरणाशी आलो, तोच आतून भांडे पडल्याचा आवाज झाला. सौभाग्यवती ओट्यास धरून खाली बसल्या होत्या. चेहरा पांढरा, पदर ओला. लिंबाचे पाणी दिले, बाहेर वाऱ्यात आणून निजविले. अर्ध्या घटकेत बरे वाटले. पण मातोश्रींनी आम्हां दोघां भावांस समोर बसविले.

"अरे, तुम्ही समुद्र पाहावयास आलात, आणि ह्या दोघी कढई पाहावयास आल्या काय? कढई आर्वीस नव्हती?"

आम्ही सोवळ्याचे नाव काढले. त्या म्हणाल्या, "माझे सोवळे माझ्यापाशी. दूध-केळ्यावर राहीन. तिच्या डोक्यावर ते घालू नका."

त्या रात्री आम्ही आमची प्रवासवही उघडली. किती किलोमीटर झाले, इंधन किती, होडीचे भाडे किती, सारे तारीखवार नोंदलेले. सौभाग्यवती पाच दिवसांत वाळूवर किती वेळा उतरल्या त्याची नोंद नव्हती. विचारले तेव्हा कळले, एकदा, तेही डबा धुवावयास. गृहिणी म्हणजेच घर असे आपल्या पूर्वजांनी सांगितले ते आम्ही वर्गात शेकडो वेळा समजावले असेल. घराला चाके लावली म्हणजे तिला सुटी मिळते असे नव्हे, हे मात्र कोणत्याही टीकाकाराने लिहून ठेवलेले नाही.

दुसऱ्या दिवसापासून सिलिंडरची किल्ली आमच्या बंडीच्या खिशात. एका घरगुती खानावळीत घावन, कुळथाचे पिठले, फणसाची भाजी व सोलकढी मिळाली. धाकट्या बंधूंनी दर ठिकाणी ठेचा मागितला व दर ठिकाणी निराश झाले.

दाभोळची खाडी ओलांडताना मातोश्रींच्या आसनाशेजारचे दार उघडून ठेवले होते. २००३ साली ही सोय होण्यापूर्वी मोटारीस खाडीला वळसा घालून चिपळुणाकडून जावे लागे. पाणी हाताच्या अंतरावर वाहत होते. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त मुखाकडे बोट करून "पलीकडे काय?" असे नातवास विचारले. "पलीकडे पाणीच, पणजीआजी," तो म्हणाला. व्याडेश्वराच्या देवळात त्या मुलगा व नातू ह्यांच्या खांद्यांवर भार देऊन चालल्या, आणि बाहेर येऊन ओटीचा नारळ त्यांनी देवीच्या नव्हे, थोरल्या सुनेच्या पदरात घातला.

गुहागरास अखेरच्या पहाटे दोन्ही जावा न सांगताच किनाऱ्याने दूर चालत गेल्या. आम्ही किल्ली काढून स्वतः चहा ठेवला. दूध दोनदा उतू गेले, साखरेचा डबा सापडेपर्यंत आधण आटले. नऊ वाजता दोघी परतल्या, पातळे घोट्यांपर्यंत भिजलेली, ओच्यात शिंपले. कोणी विचारण्याआधीच मातोश्री म्हणाल्या, "बसा ग दोघी. चहा वाईट झाला आहे, पण आयता आहे."