अंतराळस्थानकाची रसद आणि पुरवठादाराच्या माथी मारलेला दोष

१/
ताथवड्यावरून जाणाऱ्या मुंबई–बंगळूर महामार्गावर रात्रंदिवस मालमोटारी धावत असतात. त्यांतल्या कित्येकींत पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांसाठी सुटे भाग असतात. हा ओघ काही तास अडला तरी जुळणीची रांग खोळंबते. पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरचे आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकही अशाच ओघावर जगते. मात्र तिथे माल नेणाऱ्या वाहनात चालक नसतो.

२/
रसदेचे मोल मराठी इतिहासाला नवे नाही. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, पानिपतावरच्या छावणीची उपासमार वाढली आणि पुढच्याच महिन्यात उपाशी सैन्याला लढावे लागले. अंतराळस्थानकांच्या आरंभकाळातही शिधा हीच मर्यादा होती. १९७३ मध्ये सोडलेल्या अमेरिकेच्या स्कायलॅबमध्ये तिन्ही तुकड्यांचे अन्नपाणी बहुतांशी पहिल्याच उड्डाणात भरून पाठवावे लागले.

३/
हे चित्र पालटले २० जानेवारी १९७८ रोजी. सोव्हिएत संघाचे 'प्रोग्रेस-१' हे मानवरहित यान त्या दिवशी निघाले आणि दोन दिवसांनी 'सल्यूत-६' स्थानकाला जोडले गेले. त्यात सुमारे २.३ टन माल होता. पैकी जवळपास एक टन इंधन. स्थानकाला दोन दारे होती, म्हणून अंतराळवीरांचे यान एका दाराशी असतानाही दुसऱ्या दाराने माल घेता आला. रोमानेंको आणि ग्रेच्को तिथे ९६ दिवस राहिले. रिकाम्या यानात कचरा भरून ते वातावरणात जाळण्याची रीत तेव्हापासून चालत आली आहे.

४/
या निनावी यानांची खरी परीक्षा २००३ मध्ये झाली. १ फेब्रुवारीला कोलंबिया यान कोसळले, कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले आणि अमेरिकेची शटल यानसेवा जुलै २००५ पर्यंत थांबली. कोलंबियाच्या अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी ठरलेले प्रोग्रेस मालयान सुटले. स्थानकावरील माणसे तीनवरून दोनवर आणावी लागली, पण स्थानक ओस पडले नाही. गौरव अंतराळवीरांच्या वाट्याला येतो. तग धरला जातो तो रसदेवर.

५/
त्यानंतर आली आठ महिन्यांची साडेसाती. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी अमेरिकेचे अँटारीस रॉकेट मालयानासह उड्डाणस्थळीच स्फोटात नष्ट झाले. २८ एप्रिल २०१५ रोजी निघालेले प्रोग्रेस यान भरकटले. २८ जून २०१५ रोजी स्पेसएक्सचे फाल्कन-९ उड्डाणानंतर १३९ सेकंदांत फुटले. जुलैमध्ये पुढचे प्रोग्रेस आणि ऑगस्टमध्ये जपानचे मालयान सुखरूप पोहोचले, तेव्हा स्थानकाने निःश्वास टाकला. अनेक महिन्यांचा साठा आधीच वर ठेवलेला असल्यामुळे माणसांना परतावे लागले नाही.

६/
तिसऱ्या अपघाताचे कारण पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक वर्कशॉपने वाचावे असे आहे. रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यातील द्रव ऑक्सिजनच्या टाकीत हेलियमच्या बाटल्या होत्या. त्यांतली एक धरून ठेवणारी पोलादी आधारदांडी तुटली. कंपनीने जुलै २०१५ मध्ये सांगितले की, १०,००० पौंड भार पेलण्याची हमी असलेली दांडी त्याच्या पाचव्या हिश्शालाच निकामी झाली. जगभर अर्थ निघाला तो एकच : पुरवठादाराचा माल सदोष.

७/
२०१८ मध्ये नासाच्या स्वतंत्र चौकशीचा सारांश प्रसिद्ध झाला. त्याने दोष अन्यत्र दाखवला. तो ओतीव भाग मुळात अंतराळ दर्जाचा नव्हता. सर्वसाधारण औद्योगिक दर्जाचा होता. अतिशीत टाकीत आणि उड्डाणाच्या भारात तो वापरण्यापूर्वी पुरेशी चाचणी झाली नव्हती. असा वापर करताना चौपट सुरक्षितता राखावी, ही निर्मात्याची शिफारसही पाळली गेली नव्हती. चौकशीने याला आरेखनातील चूक म्हटले.

८/
या दोन निष्कर्षांतले अंतर औद्योगिक पट्ट्याला चांगले ठाऊक आहे. भाग तुटला की लॉट नाकारला जातो, डेबिट नोट येते आणि दोष जॉबवर्क करणाऱ्याच्या नावावर चढतो. ड्रॉइंगवर कोणता दर्जा लिहिला होता, चाचणीचा खर्च दरात धरला होता का, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. सुमारे दोन टन माल आणि स्थानकाला बसवायचे एक नवे जोडद्वार समुद्रात गेले, ते या न विचारलेल्या प्रश्नांपायी.

९/
आता हा विषय दूरचा राहिलेला नाही. १६ जानेवारी २०२५ रोजी इस्रोने 'स्पेडेक्स' मोहिमेतील, प्रत्येकी सुमारे २२० किलो वजनाचे दोन उपग्रह कक्षेत जोडले आणि हे साधणारा भारत चौथा देश ठरला. भारतीय अंतरिक्ष स्थानकाचा पहिला भाग २०२८ मध्ये आणि संपूर्ण स्थानक २०३५ पर्यंत, असे उद्दिष्ट जाहीर आहे. याच पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांच्या मोटारींची आवरणे घडत आली आहेत. स्थानक उभे राहिले की रसद लागेल, आणि रसदेला हजारो छोटे भाग.

१०/
त्या मागणीत आपलाही वाटा असावा, अशी अपेक्षा या पट्ट्याने जरूर धरावी. इंजिनाचे भाग घडवणाऱ्या अनेक लहान कारखान्यांना विजेच्या वाहनांच्या काळात नवे काम शोधावेच लागणार आहे. परंतु मोटारीच्या भागासाठी चालणारा दर आणि तपासणी तशीच उचलून अंतराळाच्या भागाला लावणे म्हणजे २८ जून २०१५ ची पुनरावृत्ती मागून घेणे होय.

११/
म्हणून करार लिहितानाच तीन गोष्टी स्पष्ट हव्यात : धातूचा दर्जा कोणी ठरवला, चाचणी कोणी केली आणि तिचे पैसे कोणी दिले. वर्कशॉपनेही 'हा भाग या कामासाठी नाही' हे लेखी कळवण्याचे धैर्य दाखवले पाहिजे. दोष खालच्या माणसावर ढकलून हिशेब मिटतो. स्थानकावर वाट पाहणाऱ्यांपर्यंत शिधा मात्र पोहोचत नाही.