वाद्य कोणाच्या मालकीचे?

विजेच्या दाबातील चढउतारांतून नाद घडविणारे जुने अ‍ॅनालॉग सिंथेसायझर श्रेष्ठ, की संगणकावर अवतरलेली त्यांची सॉफ्टवेअर रूपे श्रेष्ठ, हा वाद ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात कित्येक वर्षे चालू आहे. एक पक्ष यंत्राच्या आवाजातील ‘ऊब’ सांगतो. दुसरा पक्ष, ती ऊब आता गणिताने हुबेहूब साधते, असे म्हणतो. परंतु या नादवादात एक मूलभूत आर्थिक प्रश्न हरवून गेला आहे. तो आहे वाद्याच्या मालकीचा.

सॉफ्टवेअरने वाद्य स्वस्त केले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९७० साली आलेल्या मिनीमूगची किंमत सुमारे दीड हजार डॉलर होती आणि त्यावर एका वेळी एकच स्वर वाजे. परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या काळात अशी यंत्रे आपल्याकडे केर्सी लॉर्ड यांच्यासारख्या मोजक्या वादकांच्याच हाती आली. पुढे १९९६ मध्ये जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी पद्धत आणली आणि वाद्य ही संगणकातील एक आज्ञावली झाली. तिची पहिली प्रत तयार करण्यास खर्च येतो. पुढील प्रत्येक प्रत जवळजवळ फुकट पडते. तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यालाही आज जे साधते, ते पूर्वी मुंबईतही दुर्लभ होते. या प्रसाराला नाके मुरडणे हा केवळ अभिजनांचा हट्ट होय.

मात्र हिशेब येथे संपत नाही. रोलंड कंपनीचे टीबी-३०३ हे यंत्र बाजारात सपशेल पडले आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये त्यावर रागांची तबकडी काढली. तीही तेव्हा दुर्लक्षितच राहिली. परंतु तीच टाकून दिलेली यंत्रे शिकागोच्या तरुणांनी जुन्या बाजारातून स्वस्तात उचलली आणि १९८७ च्या सुमारास ‘अ‍ॅसिड हाउस’ हा नवा संगीतप्रकार जन्मास आला. वस्तू विकत घेणाऱ्याला ती पुन्हा विकता आली, म्हणूनच हे घडले.

सॉफ्टवेअरचा ग्राहक बहुधा वस्तू विकत घेत नाही. तो वापराचा परवाना घेतो. तो दुसऱ्यास देता येईल की नाही, हे कंपनी ठरविते. संगणकाची प्रणाली बदलली की आज्ञावली निकामी होऊ शकते. मासिक वर्गणीच्या पद्धतीत तर हप्ता चुकताच वाद्य मुके होते. मार्च २०२३ मध्ये वेव्ह्ज या कंपनीने आपली उत्पादने केवळ वर्गणीनेच मिळतील, असे जाहीर केले. ग्राहकांच्या संतापामुळे काही दिवसांतच तिला माघार घ्यावी लागली. वादक हा मालक राहणार की भाडेकरू होणार, हा प्रश्न म्हणूनच काल्पनिक नाही.

अर्थात, जुन्या यंत्रांकडे परतणे हा यावरील उपाय नव्हे. दुर्मिळतेमुळे ती आज संग्राहकांची चैन झाली आहेत. उपाय अन्यत्र आहे. ‘सर्ज’ हा एके काळी विकला जाणारा सिंथेसायझर त्याच्या कर्त्याने २०१८ मध्ये सर्वांसाठी खुला केला. आज तो कोणालाही विनामूल्य वापरता येतो, सुधारताही येतो. महाविद्यालयांनी व संगीतशाळांनी प्रथम अशा साधनांचा अंगीकार करावा आणि विकत घ्यायचेच झाले, तर कायमचा व हस्तांतरणीय परवाना मागावा. आवाजाची ऊब कानाला सुखावेल. परंतु कलावंताचे स्वातंत्र्य शेवटी, वाद्य कोणाच्या ताब्यात आहे, यावरच अवलंबून राहील.