आधी बुकात बघ!

मे महिन्यात रत्नागिरीला जायचं ते फक्त आंबे खायला, असा तुमचा समज असेल तर सॉरी बॉस! आमच्याकडे मे म्हणजे माळा. पाऊस यायच्या आत माळ्यावरचं सगळं खाली काढायचं, वाळवी लागलीय का बघायचं आणि रद्दीवाल्याला बोलवायचं. यंदा मी वीकेंडला जोडून दोन सुट्ट्या टाकल्या, कोकणकन्या पकडली, मामाकडे पोचले आणि मामीनं चहाच्या आधी हातात झाडू दिला.

माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक निघाली. आत सव्वापाच इंची फ्लॉप्या, कम्प्युटरवर घालायचं पिवळं पडलेलं कव्हर आणि विटेसारखा जाड रिंग बाइंडर. वर मार्करनं लिहिलेलं, ‘डॉस’. उघडून बघितलं तर छापलेलं पान एकही नाही, सगळी झेरॉक्स. आणि खाली एक दोनशे पानी वही.

‘काय गो, कशाला उचकतेस ते? जाऊ दे रद्दीत,’ मामा झोपाळ्यावरून म्हणाला.

मामाचा मारुती मंदिरजवळ कम्प्युटर क्लास होता, १९८९ पासूनचा. दोन मशीन, एक एसी आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. हो, तेव्हा कम्प्युटरला सोवळं असायचं! डॉस, वर्डस्टार, लोटस, डीबेस एवढं शिकलं की पोरगं मुंबईला नोकरी शोधायला तयार. कुणी काही विचारलं की मामाचं ठरलेलं उत्तर, ‘आधी बुकात बघ.’ ते बुक म्हणजे हा बाइंडर.

आता मला सांगा, तुम्ही शेवटचं मॅन्युअल कधी वाचलंत? नव्या फोनच्या डब्यातला तो घडीचा कागद आपण उलगडतसुद्धा नाही. अडलं की गूगल, हल्ली तर थेट चॅटबॉट. पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरुवातीच्या काळात पुस्तक नसेल तर मशीन म्हणजे नुसता डबा. स्क्रीनवर ना चित्र, ना मेनू. एक अक्षर लुकलुकतंय आणि ते तुमच्या आज्ञेची वाट बघतंय. आज्ञा कुठली, ते पुस्तकाला माहीत!

या पुस्तकांचे किस्से एकेक भारी आहेत. आयबीएमच्या ओएस/३६० वर काम करणाऱ्या टीमसाठी कागदपत्रांची एक फाइल होती. सहा महिन्यांत ती पाच फूट जाड झाली, आणि रोज साधारण दीडशे नवी पानं तिच्यात जागच्या जागी घालायची! प्रोजेक्टचे प्रमुख फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात हे स्वतःच लिहून ठेवलंय. शेवटी बिचारे मायक्रोफिशवर गेले.

माझं आवडतं मात्र युनिक्सचं. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी त्याचं पहिलं मॅन्युअल काढलं, तारीख ३ नोव्हेंबर १९७१. प्रत्येक कमांडची माहिती एकाच साच्यात: नाव, कशी वापरायची, काय करते. आणि शेवटाकडे एक मथळा, ‘बग्ज’. म्हणजे या कमांडमध्ये काय गडबड आहे, ते आम्हीच सांगतो! पुढे ‘ओनर’ म्हणून बनवणाऱ्याचं नावही. विचार करा, आपल्या ऑफिसातलं कुठलं सॉफ्टवेअर असं बोलतं? आपल्याला फक्त ‘समथिंग वेंट राँग’. काय राँग, कुणाचं राँग, पत्ता नाही.

आणि झेरॉक्स काही आपल्याकडचीच भानगड नव्हती बरं का. १९७६ मध्ये सिडनीतल्या न्यू साउथ वेल्स युनिव्हर्सिटीच्या जॉन लायन्स या प्राध्यापकानं युनिक्सचा सोर्स कोड आणि त्याचं स्पष्टीकरण विद्यार्थ्यांसाठी तयार केलं. आपल्या भाषेत ‘गाइड’च म्हणा. पण १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या लायसन्सनं तो कोड वर्गात शिकवायला मनाई केली. मग काय, झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स! ते रीतसर पुस्तक म्हणून बाजारात यायला १९९६ उजाडलं.

आपल्याकडे १९८४ च्या कम्प्युटर पॉलिसीनंतर पीसी जरा आवाक्यात आले, तेही क्लासवाल्यांच्या, आपल्या नाही. फ्लॉपीची कॉपी व्हायला दोन मिनिटं लागायची. पुस्तकाची कॉपी म्हणजे पानामागे पैसे. त्यामुळे सॉफ्टवेअर गावोगाव पोचलं आणि पुस्तक मागेच राहिलं. गेमवाल्यांनी तर याचाच फायदा घेतला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आठवतोय? १९८९ चा. पहिली लेव्हल संपली की तो विचारायचा, मॅन्युअलच्या अमुक पानावर अमुक ओळीतल्या शब्दाचं पहिलं अक्षर कुठलं? चूक बाटली प्यायलात की पंचाईत. त्या अक्षरांची यादी मामाच्या वहीत शेवटच्या पानावर आहे. लाल पेनानं!

पण वहीची खरी गंमत पुढच्या पानांत आहे. मामाची बहुतेक पोरं मराठी मीडियमची आणि बुक इंग्लिशमध्ये. ‘बुकात बघ’ म्हणणं सोपं, बघून कळायला तर हवं! आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्टचं काम पुण्याच्या सी-डॅकनं १९८८ नंतर पुढे नेलं, आणि ते कार्ड बसवलं की डॉसच्या स्क्रीनवर मराठी अक्षरं दिसायची. पण मॅन्युअल? ते इंग्लिशच राहिलं. म्हणून मामानं वही काढली. एकेका कमांडचं एकेक पान, मराठीत.

वहीत दोन हस्ताक्षरं दिसली म्हणून मी विचारलं. मामा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘एक पोरगा होता. वडील गिरणीत होते.’ १९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आमच्या जिल्ह्यातली किती माणसं गावी परतली, ते इथल्या कुठल्याही घरात विचारा. या पोराकडे फीला पैसे नव्हते. मामानं त्याला सांगितलं, पुढच्या बॅचसाठी वही उतरवून दे, झाली फी.

पहिल्याच दिवशी मशीननं फ्लॉपी नाकारली आणि स्क्रीनवर मेसेज आला, ‘रिप्लेस अँड स्ट्राइक एनी की व्हेन रेडी’. सगळी पोरं कीबोर्डवर ‘एनी’ शोधायला लागली. हा मात्र हात मागे घेऊन बसला. मामानं विचारलं तर म्हणतो, ‘सर, स्ट्राइक म्हणजे संप ना?’

वहीत त्याच्या अक्षरात त्या मेसेजचं पान आहे: ‘चुकीची फ्लॉपी आहे. बदला. मग कुठलंही बटण दाबा. इथे स्ट्राइक म्हणजे दाबणे.’ आणि प्रत्येक पानाखाली एक चौकट, ‘इथे चुकतं’. फॉरमॅटच्या पानावर तिच्यात लिहिलंय, ‘सी लिहायचं नाही. म्हणजे नाही. सरांची फीची यादी गेली.’ युनिक्सचं मॅन्युअल या दोघांनी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं!

पुढे मॅन्युअल आपोआप बारीक होत गेलं. १९९१ च्या डॉस ५ मध्ये कमांडपुढे तिरकी रेघ आणि प्रश्नचिन्ह टाकलं की मदत स्क्रीनवरच यायला लागली. १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं, हातात माउस आला, आणि जाड बुकाची गरजच संपली. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, एमएस-सीआयटी आलं, त्याचं पुस्तक तर मराठीतच मिळायला लागलं. मामा म्हणतो, ‘ते दहा वर्षं आधी आलं असतं तर माझा हात दुखला नसता.’ त्यानंतर त्यानं क्लास बंद केला आणि कलमांकडे बघायला लागला.

रद्दीवाला आला. त्यानं ट्रंक घेतली, फ्लॉप्यांना हात लावला नाही. बाइंडर मामीनं स्वतःच परत माळ्यावर टाकला, का ते विचारायची हिंमत माझ्यात नव्हती. वही मी सॅकमध्ये घातली. गाडीत बसल्यावर सगळ्या पानांचे फोटो काढले, तर मधली चार पानं वाळवीनं खाल्लेली. त्यातलं एक ‘डिस्ककॉपी’चं होतं, अर्धंच उरलंय, तेही त्या पोराच्या अक्षरातलं. पनवेल यायच्या आत मामाला फोन लावला, विचारलं, ‘मामा, खाली चौकटीत काय लिहिलेलं रे?’

‘मला काय आठवतंय? बुकात बघ.’