उंदरांचे गणित

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली हजारो माणसे दगडमातीच्या भिंती आणि माळवदांखाली गाडली गेली. पण त्यानंतर वर्ष पूर्ण व्हायच्या आत शेजारच्या बीड जिल्ह्यात काय घडले, हे आता फारसे कुणाला आठवत नाही. ऑगस्ट १९९४ मध्ये मामला गावात आधी पिसवांचा उपद्रव वाढला, उंदीर मरून पडू लागले आणि पाठोपाठ माणसांना ताप येऊन जांघेत, काखेत गाठी उठू लागल्या. हा गाठीचा प्लेग होता. जवळपास तीन दशके देशात त्याच्या रुग्णाची नोंद नव्हती. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा प्लेग पसरला, लाखो लोक शहर सोडून पळाले आणि साऱ्या जगाचे लक्ष भारताकडे लागले.

भूकंप आणि प्लेग यांचा संबंध काय? तज्ज्ञांनी मांडलेले स्पष्टीकरण साधे आहे. धक्क्यांच्या भीतीने लोक तडे गेलेल्या घरांतून बाहेर पडले, धान्य मात्र आतच राहिले. उंदराला भरपूर अन्न आणि निवांत आडोसा मिळाला, हुसकावणारे कुणी उरले नाही. प्लेगचा जंतू रानातल्या उंदरांत वर्षानुवर्षे दबून राहू शकतो. घरातल्या उंदरांची संख्या वाढली की रानातले आणि घरातले उंदीर जवळ येतात, आणि पिसवांमार्फत जंतू गावात शिरतो.

उंदरांची संख्या इतक्या झपाट्याने कशी वाढते, हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्या घरातल्या काळ्या उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते. एका वेळी सहा ते आठ पिल्ले होतात. ती पिल्ले तीन-चार महिन्यांची झाली की स्वतः विण्याजोगी होतात आणि आईचीही वर्षात अनेक वेते होतात. उंदराचे आयुष्य मात्र जेमतेम वर्षभराचे. थोडे जगायचे आणि भराभर वाढायचे, ही त्याची रीत.

सगळेच कृंतक प्राणी असे नसतात. इंग्लंडपासून स्वीडनपर्यंतच्या जंगलांत डॉरमाउस नावाचा अंगठ्याएवढा, सोनेरी रंगाचा प्राणी राहतो. हिवाळ्याचे पाच-सहा महिने तो झोपूनच काढतो. वर्षातून एखाद-दुसरे वेत, त्यात चारेक पिल्ले. पण आयुष्य चार-पाच वर्षांचे. झाडी तुटली की त्याची संख्या घटते आणि ती लवकर भरून येत नाही. म्हणून इंग्लंडमध्ये लोक झाडांना लाकडी पेट्या टांगून त्याला जपतात. दोघे एकाच गणातले, पण डॉरमाउसला जगवण्यासाठी धडपड करावी लागते, आणि आपला उंदीर कितीही मारला तरी संपत नाही.

तो का संपत नाही, याचे उत्तर अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९४० च्या दशकात झालेल्या अभ्यासातून मिळाले. एखाद्या वस्तीतले बरेचसे उंदीर मारले तरी काही महिन्यांत संख्या पुन्हा पूर्वीइतकी होत असे. उरलेल्यांना जास्त अन्न मिळे, पिल्ले जास्त जगत. कचरा हटवला, बिळे बुजवली, अन्न झाकले, तेव्हाच संख्या घटली आणि घटलेली राहिली. वस्तीत किती उंदीर राहणार, हे तिथले अन्न आणि आडोसा ठरवतात.

आपण मात्र उंदीर दिसला की दुकानातून औषध आणतो. इथे एक डॉक्टर म्हणून मला स्पष्ट बोलायला हवे. उंदीर मारायच्या काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो, तर काळ्या भुकटीत झिंक फॉस्फाईड. या दोन्ही विषांवर नेमका उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसचा धोका आणखी फसवा आहे. सुरुवातीला थोडी मळमळ, उलटी होते, मग रुग्णाला बरे वाटू लागते आणि नातेवाईक त्याला घरी न्यायची घाई करतात. दोन-तीन दिवसांनी कावीळ दिसते, तोवर यकृत निकामी होऊ लागलेले असते. टूथपेस्ट समजून किंवा आमिष लावलेला बिस्किटाचा तुकडा उचलून लहान मुले हे विष खातात. असे घडल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. पाकीट सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा आणि रुग्ण ठणठणीत दिसला तरी डॉक्टरांनी सोडल्याशिवाय नेऊ नका. खरे तर अशी पेस्ट घरात आणूच नये.

विषाची आणखी एक मर्यादा आहे. अर्धवट मात्रेतून वाचलेला उंदीर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. आणि प्लेगची शंका असेल तर आधी उंदीर मारणे घातकच, कारण मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात. म्हणून आधी पिसवांसाठी फवारणी आणि मगच उंदीर, असा क्रम असतो.

येत्या काही आठवड्यांत लातूर-नांदेडच्या शिवारात सोयाबीनची काढणी होईल. रान मोकळे झाले की तिथले उंदीर आणि घुशी गंजीकडे, गोठ्याकडे, घराकडे सरकतात. आपली तयारी त्याआधी हवी. धान्य पोत्यांत भिंतीला टेकवून ठेवण्याऐवजी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवावे. पोती ठेवावीच लागली तर फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. दाराखालच्या फटी, मोरीची तोंडे जाळीने बंद करावीत. कडब्याची गंजी घराला लागून रचू नये. शिळे अन्न आणि जनावरांचे पशुखाद्य रात्री उघडे नको. शेतातली धामण आणि घुबड मारू नये, ती आपले काम फुकट करतात. चिखलात काम करताना पायाला जखम असेल तर ती झाकावी, कारण उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. चिखलपाण्यात काम केल्यावर ताप, अंगदुखी, लाल डोळे अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना कामाचे स्वरूप आवर्जून सांगावे.

एकट्या घराने हे करून भागत नाही. शेजारी उकिरडा असेल तर आपली कोठी कितीही घट्ट असो, उंदीर गल्लीत राहणारच. म्हणून हा विषय ग्रामसभेत आणि नगरपालिकेत यायला हवा. गावात एकाएकी उंदीर मरून पडू लागले, तर त्यांना हात न लावता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. प्लेग प्रतिजैविकांनी बरा होतो, पण उपचार लवकर सुरू झाले तरच. १९९४ नंतरही २००२ मध्ये हिमाचल प्रदेशात आणि २००४ मध्ये उत्तराखंडात तो डोकावून गेला. भूकंप कधी होईल हे आपल्या हाती नाही. धान्य झाकून ठेवणे मात्र नक्कीच आहे.